वस्त्रगाळ

तेहतीस वर्षं मी पीठ गाळलं,
आधी चाळणीतनं, मग जुन्या धोतराच्या तलम फडक्यातनं,
बोटाला जाणवू नये इतकं बारीक.
मांड्याला असंच लागतं.
अख्ख्या शहापुरात ठाऊक,
भरमाण्णाचा मांडा उजेडात धरला
की पलीकडची खिडकी दिसते.

फडक्यात उरायचं ते तांबूस, खरबरीत.
ते पत्र्याच्या डब्यात.
सकाळी बाळेश गवळी डबा न्यायचा,
अर्धा लिटर दूध ठेवायचा.
हिशेब एवढाच.
त्याच्या म्हशीची पाठ
कोरड्या दिवसातही ओली वाटायची.

वैशाखात अनगोळच्या लग्नाची ऑर्डर.
एकशे ऐंशीवा मांडा उपड्या कढईवर टाकताना
ह्यांचा हात हवेतच राहिला.
मांडा पडला विस्तवात,
हे पडले माझ्या अंगावर.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक नळी काढली,
तीन ठिकाणी रेघा मारल्या.
हे म्हणाले, कोगनोळी नाक्यागत झालंय की,
गाड्या तटल्यात.
बाई हसल्या. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलल्या:
बिळि हिट्टु बेड. पांढरं पीठ नको.
जोंधळा खावा, सज्जी खावा, राळे खावा,
गहू खायचा तर तौडासकट.
तौडु म्हणजे...
त्या शब्द शोधत राहिल्या.
मी म्हटलं, कोंडा.
म्हटलं आणि पोटात धस्स झालं.

बंद नळी कोंडा उघडत नाही,
हेही बाईंनी स्वच्छ सांगितलं.
त्याला जाळी बसवली, त्याला गोळ्या आहेत.
कोंडा नुसता पोटात जातो
आणि नको त्या चरबीतली थोडी
बोटाला धरून बाहेर नेतो,
रोज, गाजावाजा न करता.
घरी येताना रिक्षात मला तेवढीच जाळी आठवत होती.
तेहतीस वर्षं माझ्या हातात एक,
आता ह्यांच्या काळजात एक.

कोंड्याचा मांडा करून संसार केला, असं लोक म्हणतात.
आम्ही उलटं केलं.
मांडा गिऱ्हाइकाला, खालचा पांढरा चुरा आम्हाला,
कोंडा म्हशीला.

शेजारची गंगव्वा परात घेऊनच आली.
कढत पाणी, जोंधळ्याचं पीठ, थाप थाप थाप,
भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं.
हे ताटाकडं बघून म्हणाले, जाड आहे.
गंगव्वा म्हणाली, दप्प ऐति, तिन्रि.
जाड आहे तर आहे, खावा.
ह्यांनी खाल्ली. चावून चावून खाल्ली.
माझं भांडं घासून झालं
तरी हे अजून दुसऱ्या भाकरीवरच.

ऑर्डरी चालूच आहेत.
गिऱ्हाइकाला अजून खिडकीच दिसायला हवी.
पण डबा आता आमच्याच कणकेत रिकामा होतो.

परवा रात्री काम नव्हतं.
ह्यांनी पीठ न गाळताच मळलं,
न सांगता मांडा हातावर घेतला.
कोपराशी फाटला.
दुसरा फाटला. तिसरा फाटला.
चौथा कसाबसा कढईवर पोचला, भोकं घेऊनच.
बल्बासमोर धरला तर पलीकडचं काही दिसेना,
नुसते तांबूस ठिपके,
माझ्या हाताच्या पाठीवर आलेत तसे.
मोडून तोंडात टाकला.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, दाताला लागतंय गं काहीतरी.
जन्मात पहिल्यांदा ह्यांनी मांडा चावला होता.

बाळेश कुरकुरतो, वैनी, दूध पातळ झालंय,
तुमच्या डब्यावाचनं.
मी म्हणते, आमच्या हृदयाची बाब आहे, बाबा.
तो म्हणतो, तिलाही हृदय आहे की.

आज पहाटे दार उघडलं
तर म्हैस स्वतःच उंबऱ्याशी उभी,
दोरी तोडून आलेली.
निम्मा डबा तिच्यापुढं ओतला.
तिनं हुंगलं, एका जिभेत संपवलं
आणि मान वर करून
माझ्यामागच्या स्वयंपाकघराकडं बघत राहिली,
उरलेलं कोण खातंय ते.